सळ्या नसलेली खिडकी

“पप्पांनी परत दहा-बारा शर्टांच्या कॉलरमधलं प्लास्टिक काढून नेलं,” अखिल जिन्यात उभा राहून बायकोला दबक्या आवाजात सांगत होता. “पिनाही गायब. सकाळी एक गिऱ्हाईक विचारतं, शेठ, हाऊ शर्ट कोणी घालेल शे का? वापरलेला वाटला त्याला. काय सांगू? वडलांनी रेल्वेला काचा बसवल्या म्हणून?”

विधी खुदकन हसली. जिन्याखाली शेंगदाणे निवडत बसलेल्या सूरजबाईंनाही हसू आलं, पण मुलाचं गाऱ्हाणं चोरून ऐकताना सासूने हसायचं नसतं, म्हणून त्यांनी एक खवट दाणा शोधून तोंडात टाकला.

तक्रार खोटी नव्हती. खाली दोंडाईच्याच्या बाजारातलं कापडदुकान आणि वर घर. दुकान अखिलच्या हाती दिल्यापासून नेमीचंद वरच्या खोलीत रेल्वेचे डबे बांधत. विकत आणलेलं त्यात काही नव्हतंच. भिंतींना शर्टाच्या घडीतला पुठ्ठा, काचांना कॉलरमधलं प्लास्टिक, दाराच्या दांड्यांना टाचण्या, चाकांना बटणं. खिडक्यांच्या सळ्यांसाठी त्यांनी जुन्या पंख्याची मोटर उसवून केसासारखी तांब्याची तार काढली होती. एकेक डबा वीतभराहून थोडा मोठा. निळा रंग मनासारखा जमेना तेव्हा तीनदा खरवडला. आणि जन्मात सुपारीचं खांड न चघळलेल्या या माणसाने काडीच्या टोकाने एका खिडकीखाली पानाची पिचकारीही मारली होती. सूरजबाईंनी ती खरी समजून ओल्या फडक्याने पुसली, तेव्हा दोन दिवस अबोला झाला.

लोक म्हणत, नेमीशेठला छंद लागला. चांगलं आहे, म्हातारपणी मन रमतं. सूरजबाईही तसंच म्हणत. पण त्यांच्या मनात एक कुतूहल बरेच दिवस मुंगीसारखं फिरत होतं. छंदच आहे, तर इंजिन का नाही? राजधानी का नाही? काचेच्या कपाटात उभी होती ती सगळी एकच गाडी, भुसावळकडे जाणारी जुनी पॅसेंजर. तिचे बाकीचे डबे झाले होते. शेवटून दुसरा, दोंडाईच्याला स्टेशनच्या दारासमोर थांबायचा तो, मात्र टेबलावरून हलत नव्हता. झाला म्हणता म्हणता नेमीचंद त्याच्या सळ्या उपटत आणि पुन्हा लावत.

त्या संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत सगळे जेवायला बसले असताना, नेमीचंदांनी विचारलं, “जुन्या डब्यात एक खिडकी बिनसळ्यांची असायची. संकटात बाहेर पडायला. ती कितवी असायची?”

“मोबाइलवर बघा ना, पप्पा,” अखिल म्हणाला.

“बघितलं. डब्याडब्यात वेगळी असते. मला या डब्यातली पाहिजे.”

“या म्हणजे कोणत्या?” विधीने विचारलं.

ती धुळ्याची. लग्न होऊन आली ती त्या वर्षानंतर. या घरात ‘त्या वर्षी’ एवढंच म्हणत. त्या वर्षी मिरची तेजीत होती. त्या वर्षी दुकानाला नवं शटर लावलं. त्या वर्षी अखिलची धाकटी बहीण जिनल असोद्याच्या एका पाटलाच्या मुलाशी लग्न करायचं ठरवून घरातून निघून गेली, हे कुणी म्हणत नसे. असोदा म्हणजे काही परदेश नव्हे. जळगावला उतरलं की लागून. पण घरात तिचं नाव निघालं नव्हतं, म्हणून ते आफ्रिकेइतकं लांब होतं.

विधीच्या प्रश्नावर अखिलने कढी मागितली. त्याची वाटी भरलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी दुकानाला सुट्टी. अखिल विधीला घेऊन धुळ्याला गेला. नेमीचंद स्टेशनवर गेले. तिथे भाईदास चहा विकायचा, त्याला जुने डबे ठाऊक असतील म्हणून. वाऱ्याबरोबर मार्केटातल्या मिरचीची धूळ घरात येत होती. सूरजबाई खोकत खोकत टेबल पुसायला लागल्या. डब्याला हात न लावता पुसायचं म्हणजे झोपलेल्या बाळाखालची चादर बदलण्यातला प्रकार. तेवढ्यात कोपराचा धक्का लागून बटणांची डबी उलटली.

बटणांत एक मुलगी निघाली.

बोटाच्या पेराएवढीही नव्हती. तारेची, वर मेण आणि रंग. बसलेली. ओढणी मात्र खऱ्या कापडाची, पिस्त्याच्या रंगाची. सूरजबाईंनी चष्मा वर-खाली केला. कापड त्यांनी लगेच ओळखलं. त्या ठाणातला शेवटचा पीस जिनलने मागून घेतला होता आणि निघाली त्या दिवशी तोच अंगावर होता. आणखी डोळे बारीक केले, तर खांद्यावर एक लाल ठिपका दिसला. पिशवी. पिशवीचा बंद डाव्या खांद्यावर.

सूरजबाई खुर्चीवर बसल्या.

जिनल निघाली ती दुकानासमोरूनच. नेमीचंद गादीवर होते. शेजारचे मोतीलालजी नंतर कितीतरी दिवस कौतुकाने सांगत फिरले: नेमीचंदने मान वर केली नाही, कापड मोजत राहिला, बाप असावा तर असा. वर येऊन नेमीचंद म्हणाले होते, “आजपासून हा विषय बंद.” आणि विषय बंद झाला. मान वर न करणाऱ्या माणसाला पिशवी कोणत्या खांद्यावर आहे, ते दिसत नाही.

नेमीचंद परत आले ते घाम पुसतच. “भाईदास म्हणतो, शेठ, त्या जुना डबा बठ्ठा गयात, आते नवी गाडी येस. त्याला आठवत नाही.” ते टेबलाशी बसले. “जाऊ दे. अंदाजाने करतो. मधलीच ठेवतो.”

त्यांनी चिमटा उचलला आणि मधल्या खिडकीची पहिली सळी धरली. सूरजबाई पाण्याचा पेला घेऊन मागे उभ्या होत्या. इतकी वर्षं गप्प राहिलो, आणखी एक दिवस राहिलं तर काय बिघडतं, असंही त्यांच्या मनात आलं. बिघडत काहीच नव्हतं. फक्त ती मुलगी चुकीच्या जागी बसली असती.

“ती नाही,” त्या म्हणाल्या.

चिमटा थांबला.

“दारापासून तिसरी. फलाटाच्या बाजूची.”

“तुला काय माहीत?”

सूरजबाईंनी पेला ठेवला आणि शेजारी ती बटणांची डबी उघडी करून ठेवली. नेमीचंदांनी डबीकडे पाहिलं, मग खिडकीकडे. बायकोकडे पाहायचं त्यांनी टाळलं.

“स्थानकात महाराजांच्या प्रवचनाला जाते म्हणून मी निघाले होते,” त्या म्हणाल्या. “गेले स्टेशनवर. सोबत पुऱ्यांचा डबा नेला होता. तो डबा काही सळ्यांतून आत जाईना. तर ती उठून पुढे धावली, त्या बिनसळ्यांच्या खिडकीशी. एक बाई बसली होती, तिला उठवलं. मी कोपरापर्यंत हात आत घातला, बांगड्यांसकट.”

खाली रस्त्यावरून मिरचीची पोती भरलेला टेम्पो गेला. टेबलावरचा डबा किंचित थरथरला. नेमीचंदांनी त्याला अलगद हात लावून धरला.

“रडत होती?”

“नाही. एवढंच विचारलं तिने, पप्पांनी वर बघितलं का? मी नाही म्हणाले. निघताना मोतीलालजी तसं सांगत होते.”

नेमीचंदांनी चिमटा पुन्हा खिडकीशी नेला. मग दारापासून तिसऱ्या खिडकीच्या सळ्या त्यांनी एकेक करून काढल्या. चिमट्याने मुलीला उचललं, छत बाजूला करून आत नेलं, बाकावर टेकवलं. ओढणीचं टोक खिडकीबाहेर आलं, ते आत घातलं नाही.

“बघितलं होतं,” ते म्हणाले. “कोपऱ्यावर वळेपर्यंत बघितलं मी जिनलला.”