सत्ती कुणाची

"बाऊजी, बोलो. एक… दो…"

गुंजनने बोट वर धरलं. ती वाचा-उपचारासाठी घरी यायची. अर्धांगाच्या झटक्यानंतर नारायणरावांचा पाय थोडा हलू लागला होता, पण तोंडातून अजून एक शब्द नव्हता. आजही त्यांनी डोळे मिटून घेतले.

ती गेल्यावर इरावती वडिलांच्या उशाशी बसली. ती सरदारपुरला शाळेत शिकवायची. उद्या परत जायचं होतं.

देवासच्या कचेरीत कारकुनी करता करता नारायणरावांना एक नाद लागला होता. आफ्रिकेच्या पश्चिमेला कॅनरी बेटं आहेत. तिथली जुनी भाषा मेली. सातेकशे वर्षांपूर्वी एका इटालियन खलाशाने तिचे आकडे लिहून ठेवले, ते उरले. हे आकडे आले कुठून, या शोधात नारायणरावांचे रविवार गेले. त्या भाषेत सातला "सत्ती" म्हणत. पत्त्यांच्या अड्ड्यावर भैयासाहेब हटकून डिवचत, "अहो भिया, सत्ती तर आपलीच. संस्कृतातून गेली असेल." नारायणराव हातातली पानं ठेवून समजावत बसत. लोक हसत.

इरावतीने त्यांची उशी सारखी केली.

"नाना, भैयासाहेब भेटले होते. मी म्हटलं, तुमचंच बरोबर. सत्ती आपलीच. नाना उगीच भांडत बसले."

बोलून तिलाच कसंतरी झालं. नारायणरावांनी डोळे उघडले. ओठ एका बाजूला ओढला गेला.

"ना…" घशात घरघर झाली. "नाही."

कणकेच्या हातांनी तिची आई, पार्वतीबाई, दारात येऊन थांबल्या.

"मग कुणाची, नाना?" इरावती त्यांच्यावर वाकली.

"बर… बर्बर." बराच वेळ दम खाऊन ते म्हणाले, "दहा बघ."

तिला आठवलं. एखादा शब्द योगायोगानेही जुळतो, ते म्हणत. पण बेटावरचा दहा "मरावा" आणि उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर लोकांचा "म्राव". पाच, आठ, सगळेच तिकडे जुळतात.

"हो नाना. तिकडचीच आहे."

पार्वतीबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. "अहो, आता भांडा हवं तेवढं," म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

नारायणरावांनी डाव्या हाताने हनुवटीवरची लाळ स्वतःच पुसली आणि मुलीला खरंच पटलंय का, ते तिच्या चेहऱ्यावर शोधत राहिले.