आसरांच्या ओट्याखालचा चर

मित्रांनो, मी एक जुना चर आहे. तुम्ही मला पाहिलेलं नाही, पण इंदुरीजवळच्या त्या नव्या वसाहतीत कधी आला असाल, तर माझ्या अंगावरून नक्की चालत गेला असाल.

माझा जन्म उपळट जमिनीतला. पाऊस उघडला तरी आतून पाणी वर येतच राहतं, अशी ती जमीन. नंदाबाईंच्या सासऱ्यांनी भावकीला घेऊन शेतात मला खणलं, तळाशी गोटे रचले, वर फरश्या टाकून माती लोटली. खाचरातलं जास्तीचं पाणी मी मुकाट्याने ओढ्यात नेऊन सोडायचो. दर वर्षी भातलावणीआधी घरटी एक माणूस माझं तोंड साफ करायला येई. नंदाबाई नव्या नवरी होत्या, तेव्हापासून कोपरापर्यंत हात घालून गाळ काढायच्या. "भातापरीस ह्यो चरच आमाला पोसतो," असं सासरे म्हणायचे, आणि खोटं कशाला सांगू, मी फुगून जायचो.

मग शेताचे प्लॉट पडले. मुरूम आला, रोलर आला, माझ्या पाठीवर डांबरी रस्ता झाला आणि दोन्ही बाजूंना बारा घरं उभी राहिली. मला कुणी हिंग लावूनही विचारलं नाही. जमिनीच्या बदल्यात नंदाबाईंना अगदी खालच्या टोकाचं, फाटकाजवळचं घर मिळालं. सून कोमल आणि नात सृष्टी यांच्यासोबत त्या तिथे राहतात.

साफसफाई थांबली तसं माझं तोंड गाळाने भरत गेलं, आणि अडलेलं पाणी वर चढू लागलं. पाऊस जाऊन पंधरा दिवस झाले तरी रस्ता वाळेना. भर दुपारी, कडक उन्हात, डांबरावर ओल्या पावलांसारखे डाग उमटायचे, एकापुढे एक, नंदाबाईंच्या दारापासून ओढ्याच्या दिशेने. चेंबरची झाकणं आपोआप खडखडायची. सृष्टी शाळेच्या गाडीसाठी गुलमोहराखाली उभी राहिली की तिच्या पायाखाली कुणीतरी सुस्कारा टाकायचं. तो मीच. कोंडलेली हवा कुठून तरी सोडायला नको का? पोर दचकून मागे सरायची, आणि मला फार वाईट वाटायचं.

लोक म्हणाले, या साती आसरा. पाण्याच्या सात देवता, त्यांची जागा मोडली म्हणून फिरतायत. नवरात्राच्या पहिल्या दिवशी त्यांनी मोईन गवंड्याला बोलावलं. जिथे सगळ्यात जास्त पाणी झिरपत होतं, तिथेच सिमेंटचा भक्कम ओटा घालून घेतला आणि त्यावर शेंदूर लावलेले सात दगड बसवले. ते माझं तोंड होतं. रोग रेड्याला नि औषध पखालीला!

नंदाबाई एकट्या सांगत होत्या, "आवं, हितं चराचं तोंड हाये. देवीला बाजूला बसवा, पन पानी कोंडू नका."

"मावशी, आता इथं शेत राहिलं नाही," सोसायटीचं काम बघणाऱ्या अनघाताई हसून म्हणाल्या. "खालून पाणी लागतंय," म्हणत मोईनही थापी घेऊन घुटमळला, पण कामाला आलेल्या माणसाचं कोण ऐकतं?

दसऱ्याच्या सकाळी बाराही घरांच्या गाड्या हार घालून खालच्या टोकाला ओट्यासमोर उभ्या होत्या. गाड्यांची पूजा झाली, आरतीला माणसं दाटली, आणि ओट्याच्या बगलेतून धार फुटली. लालभडक.

"कुंकू!" कुणीतरी ओरडलं. "आई पावली!" सगळ्यांनी हात जोडले.

ते कुंकू नव्हतं, मित्रांनो. तो रस्त्याखालचा मुरूम होता. वाट अडल्यावर पाणी बगलेने शिरलं आणि मुरूम पोखरत सुटलं. रस्ता आतून पोकळ झाला होता. त्या पोकळीवर आता माणसं होती, गाड्या होत्या, आणि सगळ्यांच्या पुढे आरतीचं ताट धरून सृष्टी होती.

नंदाबाईंनी ती धार ओंजळीत धरली, बोटांनी चोळून पाहिली. "मुरूम हाये ह्यो! बाजूला व्हा समदी!"

"मावशी, आरती तरी होऊ द्या," अनघाताई म्हणाल्या. कुणीही हललं नाही. मी खालून जिवाच्या आकांताने ओरडत होतो, पण मातीतला आवाज वर कसा पोचणार?

तेव्हा नंदाबाईंनी अंबाडा सोडला. पिकले केस तोंडावर आले आणि त्या घुमू लागल्या. उभ्या जन्मात त्यांच्या अंगात कधी आलं नव्हतं.

"वाट सोडा माजी!" तो आवाज खोल आणि ओला होता. "पोकळ हाये. गुलमोहरापासनं फाटकापत्तुर, पुरुषभर खोल. पोरीला उचला आदी!"

माणसं पटापट मागे झाली. कोमलने लेकीला ओढून घेतलं. ताट खाली पडलं आणि त्याच्या मागोमाग रस्ता खचला. फार आवाजही झाला नाही. हारांसकट दोन गाड्या गेल्या, ओटा गेला, सात दगड गेले. माणूस मात्र एकही गेलं नाही.

नंदाबाई पायरीवर बसून पाणी पीत होत्या. कोमलने हळूच विचारलं, "आत्या, खरंच आलं होतं का अंगात?"

"न्हाई गं. म्हातारीचं कोन ऐकतंय? देवीचं ऐकत्यात, म्हनून घुमले."

"पण गुलमोहरापासून फाटकापर्यंत, हे तुम्हाला कसं कळलं?"

नंदाबाईंनी तांब्या खाली ठेवला. "असं म्हनले मी?"

खड्डा मोजला, तर बरोबर गुलमोहरापासून फाटकापर्यंतच निघाला. ते शब्द माझे होते.

म्हणून सांगतो, मित्रांनो, तुमच्या रस्त्याखाली कुठला चर गाडलाय, ते जुन्या माणसांना आजच विचारा, आणि त्याचं तोंड मोकळं ठेवा. आम्हाला बोलायची वेळ आणू नका. बोलायला आम्हाला माणूस लागतं.