निळं कपाळाला, लाल गालाला

मल्सुकच्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाचं एक पान होतं. दर महिन्याला ती दारूचा छोटा पेला कागदावर पालथा घालायची, त्याच्या कडेने गोल काढायची, गोलात नाक-डोळे मांडायची आणि चेहरा जिथे तेलकट तिथे निळ्या, जिथे कोरडा किंवा लालसर तिथे लाल रेघा मारायची. खाली तारीख आणि दिलेल्या बाटल्या. कंपनीने सगळ्या विक्रेत्या बायकांना टॅब्लेट वाटले होते. त्यात नुसता फोटो काढला की त्वचा कशी आहे ते आपोआप कळतं म्हणे. मल्सुकने तो तांदळाच्या डब्यावर ठेवून दिला. दक्षिण कोरियातल्या मासान शहराच्या मासळी बाजारात एकतीस वर्षं दारोदार क्रीम विकणाऱ्या बाईला तोंड वाचायला यंत्र कशाला हवं, असा तिचा सवाल होता. आणि तो नुसता तोरा नव्हता. बाजारातल्या बायका डॉक्टरवर ठेवणार नाहीत एवढा भरवसा तिच्यावर ठेवायच्या.

“मिश्र त्वचा म्हणजे एका घरात नांदणाऱ्या दोन जावा,” ती नव्या गिऱ्हाइकाला समजावायची. “कपाळ-नाक ही थोरली, सदा तेलात. गाल ही धाकटी, सदा उपाशी. दोघींना एकच वाढलंस की भांडण ठरलेलं.”

म्हणून ती बाटल्यांचे दोन संच करायची. थोरलीच्या बाटल्यांना निळी चिकटपट्टी, धाकटीच्या बाटल्यांना लाल. झाकणांवर आकडे. सकाळी तोंड धुण्याचा फेस फक्त कपाळ-नाकाला, गालांना नुसतं कोमट पाणी. मग निळं एक, निळं दोन. लाल एक, लाल दोन, लाल तीन. शेवटी सगळ्या तोंडाला सनस्क्रीन. संध्याकाळी परत तेच, सनस्क्रीन वगळून आणि गालांवर एक जाड थर वाढवून. तीन महिने खाडा केला नाही तर फरक दिसतोच, असं ती सांगायची, आणि बहुतेकींना दिसायचाही.

तिची सगळ्यात मोठी जाहिरात म्हणजे तिची मुलगी. हेरिम सव्वीस वर्षांची, सोलमधल्या नोऱ्यांगजिन भागात राहून सरकारी नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. खोली इतकी लहान की झोपल्यावर पाय टेबलाखाली जायचे. परीक्षा देण्याची ही तिसरी खेप. पण चेहरा असा नितळ की मल्सुक बाजारात फोनवरचा फोटो दाखवायची आणि पुढचं बोलायची गरजच पडायची नाही. सुके मासे विकणारी ओक्चा म्हणायची, “तुझी क्रीमं राहू देत गं, पोरीचा बापच गोरा होता.” म्हणायची आणि दोन बाटल्या घ्यायची.

बाप जाऊन सहा वर्षं झाली होती. दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात, सणाच्या आधी, मायलेकी डोंगरावर त्याच्या थडग्यावरचं गवत कापायला गेल्या. कडक ऊन होतं. दुपारभर विळे चालले. दुसऱ्या दिवशी हेरिमचे दोन्ही गाल आणि नाकाचा दांडा लालभडक झाला.

“सनस्क्रीन लावलं नव्हतंस,” मल्सुक म्हणाली.

“लावलं होतं.”

“मग कमी लावलंस. कपाळ बघ कसं चमकतंय, आणि गाल तापलेत. मिश्र त्वचा झाली तुझी. अभ्यासाच्या ताणाने होते.”

तिने वही काढली, मुलीच्या नावाचं नवं पान केलं आणि गोल काढला. निळ्या रेघा कपाळावर. लाल रेघा दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर. नाकाच्या बाजूने ओठांकडे उतरणारी घडी तेवढी स्वच्छ होती, तिथे लाली अजिबात नव्हती, म्हणून तिथे तिने रेघ मारली नाही. जे दिसतं तेच काढायचं, ही तिची शिस्त होती.

त्यानंतर दर महिन्याला सोलला डबा जायचा. किमची, वाळवलेले बांगडे, आणि आकडे घातलेल्या बाटल्या. दर रविवारी दुपारी फोन. हेरिम कॅमेरा तोंडाजवळ धरायची, मल्सुक चष्मा कपाळावर चढवून बघायची आणि गोल भरायची. लाली कधी फिकी व्हायची, कधी परत चढायची. ती चढली की मल्सुक लालपैकी एक बाटली बदलायची.

“सकाळी बोटं वळत नाहीत गं,” हेरिम एकदा म्हणाली. “पेन धरायला अर्धा तास लागतो.”

“दिवसभर लिहितेस, बोटं दुखणार नाहीत तर काय.”

“केसही जाताहेत.”

“कोणाचे जात नाहीत? मासे खा.”

मग दुसरा हिवाळा सरल्यावर, मार्चमध्ये, हेरिम हळूच म्हणाली की खोलीखालच्या औषधाच्या दुकानातली बाई सांगत होती, एकदा डॉक्टरला दाखव, ही लाली साधी दिसत नाही.

मल्सुकचं डोकंच फिरलं. खरं कारण तिला तेव्हाही ठाऊक होतं, आणि ते काही पोरीच्या काळजीचं नव्हतं. मल्सुकची मुलगी त्वचेच्या डॉक्टरकडे गेली, हे ओक्चाला कळायला एक दिवस पुरला असता आणि बाजारभर व्हायला दुसरा. फोनवरचा फोटो तर तिने दीड वर्षापूर्वीच दाखवायचा बंद केला होता.

“त्या डॉक्टर लोकांना नुसतं लेसर विकायचं असतं,” ती म्हणाली. “जूनमध्ये परीक्षा आहे. तोंडाची सालं काढून बसणार आहेस का तिथे? तुझं तोंड माझ्यावर सोड.”

“बरं,” हेरिम म्हणाली. ती लहानपणापासून असंच बरं म्हणायची, आणि मल्सुकला त्याचा अभिमान होता.

परीक्षा झाली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात हेरिमचा फोन आला, बुटात पाय जात नाहीत म्हणून. मल्सुकने तिला पाकिटातल्या नूडल्स सोडायला आणि सूज उतरायला भोपळ्याचं पाणी प्यायला सांगितलं. दोन दिवसांनी फोन आला तो इस्पितळातून.

सोलपर्यंतच्या बसमध्ये चार तास मल्सुकच्या तोंडात पाण्याचा थेंब गेला नाही. मांडीवर नेहमीची पिशवी होती. पिशवीत वही, पेला आणि नव्या महिन्याच्या बाटल्या. घाईत तिने तीच उचलली होती.

हेरिमचा चेहरा सुजला होता, डोळे बारीक झाले होते. पण गालांवरची लाली मात्र जशीच्या तशी, एखाद्याने नाकावर रंगाचा हात ठेवून दोन्हीकडे ओढावा तशी. डॉक्टर मिन नावाची एक तरुण बाई आली. ती दारातच थांबली आणि तिथूनच हेरिमच्या तोंडाकडे बघत राहिली.

“ही लाली कधीपासून आहे?”

“लाली नाही ती,” मल्सुक म्हणाली. आवाजात एकतीस वर्षांची सवय होती. “मिश्र त्वचा आहे तिची. कपाळ तेलकट, गाल कोरडे. मी याच कामात आहे.”

डॉक्टरने मान हलवली, वाद घातला नाही. ती पलंगाजवळ आली आणि हेरिमच्या नाकाच्या बाजूच्या घडीवर बोट ठेवलं. “आई, हे बघा. लाली इथपर्यंत येते आणि इथे थांबते. कोरडी त्वचा अशी सीमा पाळत नाही. ऊन लागलं की वाढते का?”

मल्सुकचा हात पिशवीतल्या वहीवर गेला.

डॉक्टरने सावकाश समजावलं. ल्युपस म्हणतात याला. शरीराचे पहारेकरी घरच्याच माणसांवर उठतात. आधी तोंडावर दिसतं, मग सांधे, मग बऱ्याचदा मूत्रपिंडं. हेरिमची मूत्रपिंडं सुजली आहेत. ती किती दिवसांपासून सुजली आहेत, यावर सगळं आहे. ताजी सूज औषधाने उतरते, जुनी झालेली जागा परत येत नाही. “म्हणून मला नक्की सांगा, कधीपासून?”

“या हिवाळ्यापासून,” हेरिम पटकन म्हणाली. “चार-पाच महिने झाले असतील.”

मल्सुक उभी होती. पिशवीचा पट्टा तिच्या हातात होता. डॉक्टरने लिहून घेतलं आणि ती गेली, आणि मल्सुकने तिला जाऊ दिलं. त्या क्षणासाठी तिने पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

“खोटं का बोललीस?” तिने विचारलं.

“तू समोर उभी होतीस ना.”

“म्हणून?”

“म्हणून काय, आई. तिने तुझ्याकडे बघितलं असतं.” हेरिमने तोंड भिंतीकडे वळवलं. “मला ते बघायचं नव्हतं.”

मल्सुकला रडू आलं नाही, लाज वाटली. तरी तिने पिशवीतून वही काढली. ती छातीशी धरून मल्सुक त्या लांबलचक व्हरांड्यातून जवळजवळ पळतच गेली आणि लिफ्टपाशी तिने डॉक्टरला गाठलं.

“बावीस महिने,” ती म्हणाली. “चार नाही. बावीस. इथे आहे सगळं.”

डॉक्टरने वही उघडली. एका पानावर सहा गोल, अशी चार पानं. थडग्यावरच्या उन्हानंतरचा पहिला. मग पुढचे, एकेक महिन्याचे. प्रत्येकात दोन गाल आणि नाकाचा दांडा लाल, आणि प्रत्येकात नाकाच्या बाजूच्या दोन घड्या कोऱ्या. खाली बारीक अक्षरात: ऊन लागलं, लाली वाढली, लाल दोन बदलली. बोटं दुखतात म्हणते. केस गळतात. औषधवाली बाई डॉक्टरला दाखव म्हणाली. नको म्हटलं.

लिफ्ट आली आणि गेली. डॉक्टर पानं उलटत राहिली. मल्सुक वाट बघत होती, बोलणी खाण्याची. चार लोकांत कोणी कानाखाली मारली असती तरी तिने गाल पुढे केला असता.

“फार नीट काढलंय तुम्ही,” डॉक्टर मिन शेवटी म्हणाली. “आमच्या शिकणाऱ्या मुलांनाही इतकं नीट येत नाही.” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच मल्सुकला सहन झालं नाही. “याच्या प्रती काढून घेऊ का?”

दुसऱ्या दिवशी मूत्रपिंडाचा तुकडा तपासायला काढला. अहवाल आला तेव्हा डॉक्टरने खुर्ची ओढून घेतली, आणि डॉक्टर बसून बोलायला लागली तेव्हाच मायलेकींना काय ते कळलं. सूज थोडी ताजी होती, पण बरीचशी जागा केव्हाच वाळून गेली होती. वर्षभरापूर्वी आली असती तर, असं डॉक्टर म्हणाली नाही. मल्सुकने ते तिच्याऐवजी मनात म्हटलं, आणि मग रोज म्हणत राहिली.

औषधांचे मोठे डोस सुरू झाले. ऑगस्टपर्यंत हेरिमचा चेहरा फुगून गोल झाला. लाली उतरली, अगदी साफ उतरली; पण औषधाने कपाळ, गाल, हनुवटी सगळंच तेलकट झालं आणि पुटकुळ्या उठल्या. शेजारच्या पलंगावरच्या म्हातारीने मल्सुकला क्रीम विकणारी म्हणून ओळखलं आणि हाताला काही लावायला आहे का विचारलं. मल्सुकने पिशवीतल्या सगळ्या बाटल्या काढून तिला देऊन टाकल्या. म्हातारीला वाटलं, मोठ्या मनाची बाई आहे.

परीक्षेचा निकाल त्याच आठवड्यात लागला. हेरिम लेखीत पास झाली होती. मुलाखतीचं पत्र फोनवर आलं, त्यासोबत ताजा फोटो मागितला होता. तिने फोन पालथा ठेवला आणि त्यावर पुन्हा कधी बोलली नाही.

शनिवारी सकाळी मल्सुक ओल्या रुमालाने तिचं तोंड पुसत होती. नुसतं कोमट पाणी, दुसरं काही नाही. तिची बोटं सवयीने आधी कपाळाकडे गेली, मग थबकली.

“आता निळं-लाल करायला नको, आई,” हेरिम म्हणाली. “मिश्र राहिली नाही. सगळीकडे सारखीच झाली.”

ती हसली. मल्सुकला हसता आलं नाही.

“वही आणलीस ना? काढ की. हा महिना राहिला.”

“नको.”

“काढ गं. बावीस काढलेस, तेविसावा मी सांगते म्हणून काढ.”

मल्सुकने पेला काढला. पेला मध्येच सरकला, गोल वाकडा आला. नाक-डोळे मांडले. निळी पेन्सिल कपाळावर टेकवली, गालावर टेकवली, आणि मग तिने ती खाली ठेवून दिली. कुठे रेघ मारायची ते तिला कळेना.

हेरिमने वही आपल्याकडे ओढून घेतली. बोटं अजून नीट वळत नव्हती, पेन्सिल तिने मुठीत धरली. चेहरा तसाच सोडून ती खाली गेली, जिथे आई तारीख घालून बाटल्या लिहायची तिथे. वेळ लागला, पण तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं: सोमवार, बुधवार, शुक्रवार. चार-चार तास. डायलिसिस.

मग ती जरा थांबली आणि वर आईकडे बघून म्हणाली, “खाडा करायचा नाही ना?”

“नाही,” मल्सुक म्हणाली. “खाडा करायचा नाही.”