व्हॅलेन्सियाचा पाहुणा

"तिकडं प्रत्येकाला दोन आडनावं," रशीद मुकादम सांगत होता, "एक बापाचं, एक आईचं. लग्न झालं तरी बाईचं आडनाव बदलत नाय."

नववीच्या मुली एकमेकींकडे बघून हसल्या. भिकाजी मास्तर मागच्या बाकावर बसून कौतुकानं ऐकत होते. भूगोलाच्या पुस्तकात स्पेनला जेमतेम अर्धं पान होतं. ते वाचून दाखवण्यापेक्षा तिथं चार महिने राहून आलेल्या माणसालाच बोलवावं, असं त्यांनी ठरवलं होतं. साल चौऱ्याऐंशी, दिवाळीच्या आधीचे दिवस.

रशीद रंगात आला होता. जानेवारीच्या सहा तारखेला तिथल्या मुलांना तीन राजे भेटी आणतात. आदल्या संध्याकाळी मुलं आपले बूट खिडकीशी ठेवतात आणि राजांच्या उंटांसाठी पाणी. मार्चमध्ये व्हॅलेन्सिया शहरात लाकडा-कागदाचे घराएवढे पुतळे चौकाचौकांत उभे करतात आणि वर्षभराची ती मेहनत एका दिवशी जाळून टाकतात. "आपला शिमगाच," रशीद म्हणाला, "फक्त बोंब मारत नाहीत, फटाके लावतात." दुपारी जेवण झालं की कुणी लगेच उठत नाही. पानं तशीच ठेवून तासन्‌तास बोलत बसतात, आणि त्या बसण्यालाही त्यांच्या भाषेत वेगळं नाव आहे.

कमळा नावाच्या मुलीनं उभं राहून विचारलं, "चाचा, तुम्ही बोटीवर कोण होतात?"

"ऑफिसर," रशीद म्हणाला.

राजिवड्यात सगळ्या गावाला तेच ठाऊक होतं. कुलसुमला, त्याच्या बायकोलासुद्धा. खरं म्हणजे रशीद बोटीवर भंडाऱ्याच्या, म्हणजे आचाऱ्याच्या, हाताखाली भांडी घासायचा. सात वर्षांपूर्वी व्हॅलेन्सियाच्या बंदरात उकळत्या तेलाची कढई त्याच्या उजव्या हातावर कलंडली. बोट त्याला इस्पितळात ठेवून पुढे निघून गेली. तिथं व्हिसेंते नावाचा एक वॉर्डबॉय होता. घरी परतण्याचे कागद होईपर्यंत हा माणूस जाणार कुठं, म्हणून त्यानं रशीदला आपल्या घरी नेलं.

घरात व्हिसेंते आणि त्याची म्हातारी आई आंपारो, दोघंच. रशीद डुकराचं खात नाही हे कळल्यावर आंपारोनं त्याच्यासाठी नवी कोरी कढई आणली. तिच्यातला पिवळा भात, घेवड्याचे दाणे आणि कोंबडी घातलेला, ती रोज रशीदला स्वतः भरवायची, कारण त्याच्या हाताला बँडेज होतं. राजांच्या सणाला खिडकीशी तिनं रशीदचेही बूट ठेवले होते. सकाळी त्यांत लोकरीचे मोजे निघाले. रशीद तेव्हा चाळीस वर्षांचा होता.

निघताना व्हिसेंते म्हणाला, हे घर तुझंच आहे. तिकडची ती रीतच होती. रशीदनंही रीत पाळली. माझंही घर तुझंच, असं म्हणून त्यानं एका कागदावर राजिवड्याचा पत्ता लिहून दिला.

डिसेंबरात गोव्याला सेंट झेवियरच्या शवदर्शनासाठी देशोदेशीची माणसं आली. झेवियर मूळचा स्पेनचा, त्यामुळे तिकडचीही आली. एका दुपारी रशीद परसात जाळं शिवत असताना मास्तरांचा आवाज ऐकू आला. रस्त्यावरून मास्तर येत होते आणि त्यांच्याबरोबर टक्कल पडलेला, घामाघूम झालेला व्हिसेंते. गोव्याहून मुंबईला जाताना तो हातखंब्याच्या फाट्यावर उतरला होता. हातात पत्त्याचा कागद घेऊन विचारत विचारत आला, तेव्हा कुणीतरी त्याला शाळेत नेलं होतं.

मास्तरांसमोर हा आता काय बोलेल? रशीद मागच्या दारानं कुलसुमजवळ गेला.

"मी खेडला गेलोय म्हणून सांग."

"कोण आलंय?"

"सांग म्हटलं ना."

आणि तो परसातल्या जाळ्यांच्या खोपीत शिरून दार ओढून बसला.

कुलसुमनं पाहुण्याला पडवीत बसवलं. सुरमईचं कालवण आणि भात वाढला. तो पोटभर जेवला आणि जेवल्यावर उठलाच नाही. मोडक्या इंग्रजीत तो बोलत होता आणि मास्तर कुलसुमला मराठीत सांगत होते. रशीदला शब्द न्‌ शब्द ऐकू येत होता. इस्पितळ, भाजलेला हात, नवी कढई. मग व्हिसेंतेनं हसत हसत दोन्ही हातांनी भांडी घासण्याची नक्कल केली असावी, कारण त्याच्या हसण्यापाठोपाठ मास्तर मध्येच थांबले.

शेवटी कुलसुमनंच विचारलं, "काय म्हणतायत?"

"बोटीवर भांडी घासायचं काम फार कष्टाचं, असं म्हणतायत," मास्तर हळूच म्हणाले.

धुळीनं रशीदला खोकला आला. त्यानं तोंडावर फडका दाबला, पण आवाज बाहेर गेलाच.

ऊन कलल्यावर पाहुणा निघाला. हात धुवायला म्हणून विहिरीशी आला आणि तिथून खोपीच्या दारापाशी येऊन उभा राहिला. फटीतून रशीदला त्याचे बूट दिसत होते. व्हिसेंते स्पॅनिशमध्ये बोलला. ते मास्तरांना कळणार नव्हतं, कुलसुमलाही नाही.

"रशीद, आई गेली. उन्हाळ्यात. शेवटी तुझी चौकशी करत होती. तेवढंच सांगायला आलो होतो."

रशीदनं दाराच्या कडीला हात लावला आणि तो हात तिथंच राहिला. मग बूट वळले.

मास्तर त्याला मुंबईच्या गाडीत बसवायला गेले. रशीद बाहेर आला तेव्हा कुलसुम पडवी झाडत होती. ती रागावली नाही. "एवढ्या लांबून आलेला माणूस," इतकंच म्हणाली आणि झाडत राहिली.

आठवडाभर रशीद घराबाहेर पडला नाही. मग एका संध्याकाळी मास्तरांच्या घरी गेला. मास्तरांनी खुर्ची पुढे केली, पण तो उभाच राहिला. स्पेनला पत्र पाठवायचं आहे, इंग्रजीत लिहून द्याल का, असं त्यानं विचारलं. मास्तरांनी कागद घेतला, वर तारीख घातली आणि नेहमीप्रमाणं आधी खुशाली लिहू लागले.

"खुशाली नको," रशीद म्हणाला. "आधी लिहा, मी घरीच होतो."

मास्तरांनी वर पाहिलं नाही. पहिली ओळ खोडून ते वाक्य लिहिलं, आणि म्हणाले, "पुढे सांगा."