अर्धं डोकं

मित्रांनो, मी एक जुना ट्रिमर आहे, केस कापणारा. पण माझ्याकडे देखणं व्हायला कुणी येत नाही.

तरुणपणी मी सलूनमध्ये होतो. तिथे आरसे होते, गाणी होती, थट्टा होती. नंतर माझे मालक, केस कापणारे काका, एका मोठ्या दवाखान्यात नोकरीला लागले आणि मलाही सोबत घेऊन आले. इथे मेंदूच्या ऑपरेशनआधी डोकं साफ करायचं असतं. काळ्या केसांचे काही जण बरे होऊन पुन्हा भेटायला येतात, काकांना वाढलेले केस दाखवतात. पांढऱ्या केसांचे क्वचितच.

(बंद.)

त्या दुपारचं डोकं एका निवृत्त कंडक्टर आजोबांचं होतं. त्यांची लेक काकांना सांगत होती, कुणीतरी ऐकायला हवं म्हणून. सकाळी बाथरूममध्ये आजोबांचा पाय घसरला, डोकं फरशीवर आपटलं. उठून म्हणाले, फरशी फुटली का बघा. सगळे हसले. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, हे कुणाच्या ध्यानीमनीही आलं नाही. जेवताना त्यांची जीभ अडखळू लागली. ते सदानकदा नकला करायचे, घरच्यांना वाटलं, तेच चाललंय. मग ते घोरू लागले. झोपू दे, असं सगळ्यांचंच मत पडलं.

ते घोरणं झोपेचं नव्हतं; डोक्याच्या आत रक्त साचत होतं.

(चालू.)

उजव्या कानामागून शिरलो. मऊ केस, तेल लावलेले. अर्धं डोकं झालं आणि डॉक्टरीणबाई आत आल्या. "काका, जरा थांबा."

(बंद.)

लेकीला आणि तिच्याशेजारी उभ्या असलेल्या आजींना त्यांनी स्पष्ट सांगितलं. या वयात एवढा मार लागल्यावर बरेच जण वाचत नाहीत. जे वाचतात, त्यांतल्या अनेकांना पुन्हा उठणं, बोलणं, माणसं ओळखणं जमत नाही. ऑपरेशन नाही केलं तर फार वेळ उरलेला नाही. केलं तरी खात्री नाही. आजोबांना काय हवं असतं, ते तुम्हीच जाणता.

लेक म्हणाली, "आई, बाबांना कुणी भरवलेलं चालेल का गं? पाण्याचा पेलाही ते हातात देऊ देत नाहीत."

आजी नवऱ्याच्या डोक्याकडे बघत राहिल्या. माझ्या पात्यांत आजोबांचेच केस अडकले होते.

"नकोच म्हणाले असते," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "नका करू ऑपरेशन." मग काकांकडे वळल्या. "पण यांना असं अर्धवट ठेवू नका हो. जन्मात कधी भांग वाकडा पाडला नाही त्यांनी."

(चालू.)

उरलेलं अर्धं डोकं काकांनी सावकाश केलं. या खोलीत पहिल्यांदाच मला कुणी घाई केली नाही. ते फार वाईट होतं.

मित्रांनो, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस डोक्यावर पडलं आणि हसत उठलं, तर तुम्हीही हसा. पण हसता हसता त्याला दवाखान्यात न्या. लगेच न्या, ते नको म्हणालं तरी. उशीर केलात, तर मी आहेच. काकांनी मला रोजच्यासारखं पुसून चार्जिंगला ठेवलंय. माझा हिरवा दिवा लागलाय.