कळकलेला सॉस

मित्रांनो, तांब्याचं भांडं म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पाण्याचा हंडा येईल, नाहीतर जुना बंब. मी त्यांच्याच कुळातलं आहे, पण माझी उभी बाजू सरळसोट, बूड जाड आणि एका अंगाला हातभर लांब दांडा. सोनगीरच्या तांबट जीवरामआबांनी माझं कागदावरचं चित्र पाहिलं तेव्हा तेही हसले होते.

"पोर, हाई पातेलं शे का बंदूक?"

चित्र आणलं होतं त्यांच्याच गल्लीतल्या दिपमालाने. पुदुच्चेरीच्या एका फ्रेंच हॉटेलात सात वर्षं सॉस ढवळून ती परत आली होती आणि जळगावात मेहरूण तलावाजवळ स्वतःचं फ्रेंच जेवणघर काढणार होती. अशी भांडी तिला बाहेरून मागवता आली असती. पण लहानपणापासून ती आबांचे ठोके ऐकत वाढलेली. आबांनी मला तीन दिवस हातोडीने ठोकून मठारलं आणि आतून कथलाची पांढरी कल्हई लावली. तांब्याला आंबट पदार्थ लागला की जेवण कळकतं, म्हणजे धातूचा वाईट कस उतरून ते विषारी होऊ शकतं. कल्हई मध्ये असते म्हणून तसं होत नाही.

आता मी आठ वर्षांचं, म्हणजे रोज चुलीवर चढणाऱ्या भांड्याच्या मानाने म्हातारंच आहे. स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामध्ये मोठी काच आहे, त्यामुळे मला बारा टेबलं दिसतात. सुरुवातीला लोक सूप संपवून विचारायचे, "एवढंच?" मग भूपेंद्र, आमचा मुख्य वाढपी, शांतपणे सांगायचा की इथे एकेक पदार्थ येतो, काटे-चमचे बाहेरच्या बाजूने उचलत आत यायचं आणि घाई करायची नाही. हळूहळू लोकांना ते आवडू लागलं. कापडाचे व्यापारी मदनलालशेठ तर दर महिन्याला पत्नी कुसुमलताबाईंना घेऊन येत. ते शाकाहारी, म्हणून माशाऐवजी त्यांच्यासाठी फ्लॉवर असे, पण वरचा लिंबू-लोण्याचा सॉस माझ्यातलाच.

लोक काचेतून माझे फोटो काढत. त्यामुळे मला रोज चिंच-मीठ लावून लखलखीत घासत. बाहेरूनच. आत, बुडाशी, कल्हई झिजून तांब्याचा एक लाल ठिपका उमटला होता. दिपमालाने तो पाहिला. "सोमवारी सोनगीरला पाठवू," ती म्हणाली. तो सोमवार गेला, पुढचेही तीन गेले. बुकिंग भरलेलं होतं आणि तो सॉस दुसऱ्या भांड्यात तिच्या मनासारखा होत नसे.

जेवणघराला आठ वर्षं झाली त्या रविवारी दुपारी जीवरामआबा पहिल्यांदाच जेवायला आले. इतकी वर्षं "काटा-चमचा माले जमाव नही" म्हणून टाळत होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी. खिडकीजवळ अगदी ताठ बसले. शेजारच्या टेबलावरची मुलगी त्यांच्याकडे बघायला लागली, तशी त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि जरा वेळाने पुन्हा घातली. कांद्याचं सूप त्यांनी चवीने संपवलं. मग मासा आला. त्यांनी पावाचा तुकडा सॉसमध्ये बुडवून तोंडात टाकला आणि चावायचे थांबले.

"आवडलं नाही का आबा?" भूपेंद्रने विचारलं.

"दिपमालाले बलाव."

ती हात पुसत आली. आबा हळू आवाजात म्हणाले, "बेटी, हाई कळकेल शे."

"लिंबाचा आंबटपणा असेल, आबा," भूपेंद्र मध्येच म्हणाला.

"लिंबू माले समजस. हाऊ तांबाना कस शे."

आत येऊन दिपमालाने मला उजेडात तिरपं धरलं. ठिपका तळहाताएवढा झाला होता. त्याच वेळी बाहेर अकरा ताटल्यांत माझ्यातला सॉस होता.

भूपेंद्र मागोमाग आला. "मॅडम, कोणाला कळलेलं नाही. आबांची ताटली बदलतो. आजच्या दिवशी कशाला..."

तिची बोटं माझ्या दांड्यावर घट्ट झाली. मग तिने मला ओट्यावर ठेवलं आणि ती जेवणघराच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"सगळ्यांनी कृपया थांबा. तो सॉस खाऊ नका. भांड्याची कल्हई गेली आहे. मला महिनाभर माहीत होतं, मी टाळलं. चूक माझी आहे."

मदनलालशेठांची ताटली जवळजवळ रिकामी होती. "आणि आम्ही खाल्लं त्याचं काय?"

"एवढ्याने बहुतेक काही होणार नाही, शेठजी. पण मळमळलं तर लगेच सांगा, मी स्वतः डॉक्टरकडे नेते."

दोन टेबलं उठून गेली. एक बाई जाता जाता खूप बोलल्या, दिपमालाने मान खाली घालून ऐकून घेतलं. मदनलालशेठ उठू लागले तेव्हा कुसुमलताबाई म्हणाल्या, "बसा. जिने खरं सांगितलं तिच्याकडे मी जेवेन." शेठ बसले. दिपमालाने लोखंडी तव्यात नुसत्या लोण्यावर भाज्या परतून सगळ्यांना वाढल्या. सुदैवाने कोणालाही त्रास झाला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणघर बंद ठेवून ती मला सोनगीरला घेऊन गेली आणि स्वतः भट्टीचा पंखा फिरवत बसली. आबा रागावतील म्हणून ती वाट बघत होती. मला तापवून, कल्हई नीट धरावी म्हणून नवसागराची पूड टाकत ते म्हणाले, "तू माले कितलं बलायं, मी उनू नही. उनू ऱ्हातू ते पहिलेच समजतं."

आपण आधी आलो असतो तर आधीच कळलं असतं, असं म्हणून आबांनी दोष स्वतःकडे घेतला, तशी ती रडायला लागली. आबांनी कापसाच्या बोळ्याने वितळलेलं कथील माझ्या पोटात फिरवलं, आणि माझं आतलं अंग पुन्हा पांढरंशुभ्र झालं.

मित्रांनो, भांडी बोलत नाहीत, म्हणून मला एकदाच बोलायचं आहे. तुमच्या घरी तांब्या-पितळेचं पातेलं असेल तर त्याला चमकवण्याआधी आत डोकावून बघा. आणि आत लाल दिसलंच, तर पंगत बसलेली असली तरी "थांबा" म्हणायला लाजू नका.