न गिळलेले घोट

मी थुंकायची बादली बोलतेय. नाक मुरडू नका, पन्नास वर्षं माझं कामच ते. वाइन चाखणारा माणूस ती गिळत नाही, तोंडात घोळवून माझ्यात टाकतो. गिळत बसला तर तिसऱ्या पिंपापाशीच आडवा व्हायचा.

मला या घरच्या बाबांनी आणलं. द्राक्षमळा त्यांचा, तळघर त्यांचं, पिंपंही त्यांचीच. नियम एकच: बाटल्या कधी भरायच्या ते घरातलीच जीभ ठरवणार. ते गेल्यावर ती जीभ झाली ताईची. धाकटा भाऊ पिंपं धुवायचा, मला रिकामी करायचा आणि ताईचा शब्द झेलायचा.

गेल्या वर्षी ताईला ताप आला. ताप उतरला, पण वास येणं बंद झालं ते कायमचं. वासाशिवाय चव कसली? सगळी वाइन तिला पाण्यासारखी. बोलली नाही कुणाला. झाकली मूठ सव्वा लाखाची. आधी भावाला चाखायला लावायची, त्याचं तोंड चोरून बघायची आणि मग ऐटीत निकाल द्यायची. दुसऱ्याचं गुपित सांभाळून फार थकवा येतो हो.

परवा मोठ्या कंपनीचा साहेब विक्रीचे कागद ठेवून गेला. "मळा आमचा, पण बाटलीवर नाव तुमचंच राहील," म्हणाला. तो गेल्या गेल्या ताईनं पेन उचललं.

"ताई, अगं, बाबांनी काय सांगितलं होतं..." भाऊ म्हणाला.

"बाबांचं नको काढूस. मला वर्षभर कशाचाच वास येत नाही. तुझं तोंड बघून ठोकून देतेय मी. असं किती दिवस रेटायचं?"

भाऊ मला विसळत होता. हात न थांबवता म्हणाला, "माहितीये मला. नाहीतर आंबलेल्या घोटाला एवढी वेडीवाकडी तोंडं कुणासाठी केली असती?"

ताई खुर्चीत बसून रडली, अगदी लहान मुलीसारखी. सही राहिली ती राहिलीच.

काल सकाळी दोघं पिंपापाशी आले. ताई उघडच म्हणाली, "तू सांग." साठीच्या या गृहस्थाला जन्मात पहिल्यांदा कुणी मत विचारलं होतं. त्यानं कितीतरी वेळ घोट घोळवला.

"अजून महिनाभर राहू दे," तो चाचरत म्हणाला.

"राहू दे," ताई म्हणाली.

साहेब पुन्हा येईलच. माझी कडी निखळलीये, बुडाला दोनदा डाग दिलाय. या दोघांमागे घरात चाखणारं कुणी नाही, हे मलाही कळतं. मग मला खुशाल भंगारात घाला. तोवर एवढंच करा, त्या म्हाताऱ्याला घाई करू नका. तो आत्ता कुठे शिकतोय.